धरलेली जागा

“आणखी एक जाऊ दे,” हे म्हणाले.

आणखी एक म्हणजे बस. सिंगापूरच्या त्या बसस्थानकात आम्ही नाश्ता उरकून आलो होतो ते गाडी पकडायला. पण आमचे हे दोन्ही हात पाठीमागे बांधून कडेला उभे राहिले ते राहिलेच. समोर दुमजली गाडी लागायची, दार उघडायचं, माणसं रांगेत चढायची, कार्ड टेकवायची, टुक असा आवाज यायचा, दार मिटायचं, गाडी सुटायची. ओरडा नाही, धक्काबुक्की नाही. यांची मान गेलेल्या गाडीबरोबर वळायची आणि परत येऊन पुढच्या गाडीवर स्थिर व्हायची.

“अहो, आपल्याला हवी होती तीच गेली ही.”

“दुसरी येईल. फेऱ्या बघ कशा लावल्यात गो. मी असं वेळापत्रक लावलं असतं तर ड्रायव्हरांनी मला केबिनमध्ये कोंडलं असतं.”

“तुम्ही रिटायर झालात.”

“डोळे नाही ना झाले रिटायर.”

हे चिपळूण आगारात वाहतूक नियंत्रक होते. अर्धा तालुका यांना साळवी कंट्रोलर म्हणूनच ओळखतो. आता माणूस आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून परदेशी येतो तो काय बसस्टँड बघायला? पण आमच्या टूरमधली मंडळी त्या दिवशी खरेदीला गेली होती, दिवस मोकळा होता, आणि ‘आज आपण दोघंच फिरू’ हा आग्रह माझाच होता. त्यामुळे मला बोलायला तोंड नव्हतं. मी घड्याळ बघत होते आणि दात-ओठ खात होते.

घड्याळ बघायला कारण होतं. साडेबारा वाजता मला एका ठिकाणी पोहोचायचं होतं. तिथे आमचा मुलगा मकरंद जेवणाच्या सुट्टीत येणार होता. दुसऱ्या दिवशी पहाटे आमचं विमान होतं. आणि यांना यातलं काहीही ठाऊक नव्हतं.

मकरंद सिंगापूरला बंदराच्या कामात होता. तिथल्याच एका मुलीशी त्यानं लग्न केलं. हुई मिन तिचं नाव. मला ते तोंडात बसायला आठवडा लागला. तिची आजी अंथरुणाला खिळली होती, तिच्या डोळ्यांदेखत व्हावं म्हणून घाईघाईनं रजिस्टर केलं, आणि आम्हाला कळवलं ते झाल्यावर, फोनवर. यांनी शांतपणे फोन ठेवला, मागल्या दारी न्हाणीत गेले, डोक्यावरून थंड पाण्याचे तांबे घेतले आणि ओलेत्यानंच येऊन म्हणाले, “त्याच्या नावानं आंघोळ केली.” लोक हे नुसतं बोलतात. आमच्या यांनी खरोखर केली, आणि वर सर्दीतापानं आठवडाभर पडून राहिले. काढे मी उकळले.

त्यानंतर चार वर्षं यांनी घरात मकरंदचं नाव काढलं नाही. मी माझ्या बहिणीकडे जाऊन त्याच्याशी फोनवर बोलायची. टूरचं ठरलं तेव्हा तो म्हणाला, “आई, हॉटेलवर येऊ?” मीच नको म्हटलं. टूरमधल्या डोंबिवलीच्या आणि पुण्याच्या बायकांसमोर हे त्याला काही बोलले असते तर त्या पोरानं पुन्हा तोंड दाखवलं नसतं. मग त्यानं ऑफिसजवळच्या एका खाण्याच्या जागेचं नाव सांगितलं, बसचा नंबर सांगितला. “दीडला मला परत खुर्चीवर बसावंच लागतं,” म्हणाला, “आणि मी एकटाच येतो. तिला उगीच बोलणी नकोत.”

तेव्हा गणित सरळ होतं. यांना काही न सांगता तिथवर न्यायचं, टेबलाशी बसवायचं, आणि मुलगा समोर उभा राहिला की बाप किती वेळ तोंड फिरवतो ते बघायचं. भर गर्दीत उठून जाणार नाहीत असा माझा अंदाज होता. माझे अंदाज यांच्या बाबतीत कधी बरोबर आले आहेत कुणास ठाऊक.

शेवटी आमची गाडी पुन्हा लागली आणि मी यांना दंडाला धरून अक्षरशः आत ढकललं. तर हे जिना चढून वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या काचेशी.

“अहो, खाली बसू. स्टॉप कळायला हवा.”

“वरून जास्त कळतं.”

वरून खरंच सगळं दिसत होतं, ते मी नाकारत नाही. काचेचे उंच मनोरे, त्यांच्या पायाशी झाडंच झाडं, पुलांच्या कठड्यांवरसुद्धा लाल-जांभळ्या बोगनवेली. रस्त्यावर कागदाचा कपटा नाही. मध्येच इमारतींच्या फटीतून समुद्र दिसला आणि त्यावर लांबवर थांबलेली जहाजं, एकामागे एक. माझा मकरंद याच जहाजांना जागा देतो, असं माझ्या मनात आलं. पण ते मला मनातच ठेवावं लागलं.

“ही सगळी आत यायची वाट बघतायत बघ,” हे म्हणाले. “यांचापण कुणीतरी कंट्रोलर असणार.”

मी यांच्याकडे पाहिलं. यांचं लक्ष जहाजांवर होतं.

“स्टॉप आला, उठा.”

“हा नव्हे. पुढचा.”

“मला सांगितलंय, लाल देवळानंतरचा.”

“कुणी सांगितलंय?”

मी जीभ चावली. “टूरवालीनं.”

“तिला काय कळतंय? चार दिवस आपल्याला एकाच रस्त्यानं फिरवतेय. पुढचा.”

अर्थात तो पुढचा नव्हता. उतरलो तेव्हा आजूबाजूला बँका आणि काच. मागे चालत जायचं तर रस्ता ओलांडायला जागा नाही, जमिनीखालून वाट. खाली उतरलो तर तिथे दुसरं गावच: दुकानं, थंडगार वारा, चारी बाजूंना बाण. एका बाणामागून वर आलो तो पुन्हा त्याच बँकेसमोर. ऊन असं की अंगातून पाणी निघत होतं आणि वाळत नव्हतं. चिपळूणचा मे महिना मला तिथे आठवला, आणि तो बरा वाटला.

“विचारा ना कुणाला तरी!”

“काय विचारायचं? मी काय नवखा आहे?”

“नाही, तुमचं आजोळच इथलं!”

“ओरडू नको. लोक बघतात.”

लोक अजिबात बघत नव्हते. गळ्यात ओळखपत्रं लटकवलेली तरणी माणसं आमच्या दोन्ही बाजूंनी भराभर निघून जात होती, आम्ही जणू रस्त्यातला खांब. शेवटी मीच एका बाईला अडवलं. प्राथमिक शाळेत तीस वर्षं शिकवलेलं माझं इंग्रजी मी तिच्यासमोर मांडलं. ती भरभर बोलली, वाक्याच्या शेवटी ‘ला’ लावून बोलली, मला एक अक्षर कळलं नाही, पण तिनं हातानं दाखवलेली दिशा कळली. तेवढी पुरे होती. हे मागून चालत आले, पण कसे, तर प्रत्येक बसस्टॉपवर थांबून तिथला नकाशा वाचत. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, ती माझी त्या फुटपाथवर गेली.

ती खाण्याची जागा म्हणजे एक मोठं थोरलं छप्पर. कडेनं ओळीनं गाळे, प्रत्येक गाळ्यावर वेगळा धूर, वेगळा वास; मध्ये टेबलं, आणि प्रत्येक टेबलाभोवती जमिनीत पक्की रोवलेली चार स्टुलं. ऑफिसं नुकतीच सुटली होती. चिपळूणच्या स्टँडवर गणपतीच्या आदल्या दिवशी असते तशी गर्दी, फरक इतकाच की आवाज कमी. माझ्या नशिबानं एक कुटुंब उठत होतं. मी धावत जाऊन टेबल गाठलं. एका स्टुलावर मी, समोर हे, माझ्या शेजारच्या स्टुलावर मी माझा रुमाल पसरला. चौथ्यावर पिशवी ठेवणार तोच एक मुलगी येऊन “कॅन?” एवढंच विचारून बसलीसुद्धा, आणि वाडग्यात तोंड घालून जेवायला लागली. असू दे, म्हटलं. मला एकच जागा हवी होती.

यांनी रुमालाकडे पाहिलं. ज्या माणसानं उभ्या हयातीत खिडकीतून सीटवर टाकलेल्या रुमालांची भांडणं सोडवली, त्याला रुमालाचा अर्थ सांगावा लागत नाही.

“कोण यायचंय?”

आता लपवण्यात अर्थ नव्हता. “मकरंद.”

यांनी पाण्याच्या बाटलीचं झाकण घट्ट होतं ते आणखी घट्ट केलं. “कुणाला विचारून?”

“माझ्या पोराला भेटायला मी कुणाला विचारू?”

“मी त्याच्या नावानं आंघोळ केलीय, कुंदा.”

“मी नाही केली! मी कोरडीच आहे अजून!”

शेजारच्या मुलीनं वाडग्यातून मान वर करून आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. हे उठले. टोपी डोक्यावर ठेवली.

“तू भेट त्याला. मी बाहेर आहे.”

“अहो, त्याच्याकडे वेळ नाही. पाऊण तास आहे फक्त. उद्या आपण जाणार.”

“म्हणूनच म्हणतोय, तू भेट.”

आणि गेले. पांढरी टोपी गर्दीत थोडा वेळ दिसली, मग दिसेनाशी झाली. मी तिथे बसून राहिले. यांच्या मागे जावं तर टेबल जातं, आणि टेबल गेलं तर मकरंद मला त्या गर्दीत कुठे शोधणार? माझा फोन तिथे चालत नव्हता. रडूही येत नव्हतं, इतका राग आला होता. चार वर्षं मी दोघांच्या मध्ये उभी होते. एकानं हाक मारायची नाही, दुसऱ्यानं यायचं नाही, आणि मी दोघांना जेवण वाढल्यासारखं एकमेकांचं थोडंथोडं वाढत राहायचं. त्या दिवशी मला वाटलं, बास झालं. मरा दोघंही तिकडे.

तेवढ्यात झाडलोट करणारी एक म्हातारी गाडा ढकलत आली. आमच्या टेबलावरची आधीच्यांची ताटं उचलली, फडका मारला, माझ्या शेजारच्या स्टुलावरचा रुमाल चिमटीत धरून इकडेतिकडे पाहिलं, आणि माझं तोंड उघडायच्या आत तो घेऊन चालू लागली.

“अहो बाई! माझा आहे! माय, माय!”

तिनं मागे वळून छान हसून हात हलवला आणि रुमाल पलीकडच्या काउंटरवर नेऊन ठेवला. कुणीतरी विसरला असं समजून नीट जपून ठेवला तिनं! मी उठून आणायला जावं तर माझं स्टूल जातं. मी अर्धी उठलेली, अर्धी बसलेली, अशी असतानाच दोन तरणे बाप्ये हातात ताटं घेऊन आले आणि यांच्या रिकाम्या जागेवर आणि रुमालाच्या जागेवर बसले.

“माय सन,” मी म्हटलं. “सन कमिंग. हजबंड कमिंग.”

त्यातल्या एकानं टेबलाकडे बोट दाखवलं. टेबल रिकामं होतं. “नो टिश्यू, आंटी,” तो म्हणाला, अगदी अदबीनं, आणि जेवायला लागला.

टिश्यूचा आणि माझ्या पोराचा संबंध मला कळेना. मी हात टेकले. साडेबारा होऊन गेले होते. ज्या माणसासाठी मी हा सगळा घाट घातला तो रुसून बाहेर, ज्याच्यासाठी जागा धरली त्याची जागा गेलेली, आणि मी अनोळखी माणसांच्या पंगतीला उपाशी बसलेली. सिंगापूर बघितलंस का म्हणून कुणी विचारलं तर मी काय सांगणार होते?

“ऊठ.”

मागे हे उभे होते.

“उठू? आणि हीपण जागा घालवू?”

“ऊठ म्हणतो ना. कोपऱ्यातलं टेबल सुटतंय. तो टकल्या शेवटचा घास खातोय आणि त्याच्या बायकोनं पर्स उचलली. मघापासून बघतोय मी.”

मी उठले. यांनी गर्दीतून मला कशी वाट काढून नेली ते यांनाच ठाऊक. आम्ही पोहोचायला आणि ती माणसं उठायला एकच गाठ पडली. यांनी मला भिंतीकडे बसवलं, स्वतः माझ्या समोर बसले, आणि खिशातून कागदी रुमालांची दोन छोटी पाकिटं काढली. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, मुठीत मावतील अशी. दोन्ही मोकळ्या स्टुलांसमोर टेबलावर एकेक पाकीट ठेवलं, सरळ रेषेत, जसे टेबलावर पेपर ठेवावेत.

“हे काय?”

“इथं कापडी रुमाल चालत नाही. तो कुणी विसरला असं समजतात. इथं हे चालतं. पाकीट ठेवलं की जागा धरली. ते ठेवून माणूस खुशाल जाऊन जेवण आणतो आणि परत येईपर्यंत कुणी हात लावत नाही. दाराशी उभा राहून बघितलं मी. दाराशी एक बाई विकत बसलीय, तिच्याकडून घेतली.”

म्हणजे हे बाहेर गेलेच नव्हते. दारात उभे राहून माझी फजिती बघत होते. मला असा संताप आला! पण टेबलावर पाहिलं आणि माझा राग थोडा अडखळला.

“दोन कशाला?” मी विचारलं. “मकरंद एकटाच यायचाय.”

हे गाळ्यांकडे बघत होते.

“दुसरं कुणासाठी?”

“असू दे.”

“अहो, दुसरं कुणासाठी?”

मग हे बोलले. माझ्याकडे न बघता, कुणाला तरी गाडीची वेळ सांगावी तशा आवाजात.

“तुझ्या कपाटात फोटो आहे. साड्यांच्या खाली. लग्नाचा.”

तो मकरंदनं माझ्या बहिणीकडे पाठवला होता.

“पहिल्या रांगेत तिची आई आहे, बाप आहे, चाकाच्या खुर्चीत ती आजी आहे. आणि मकरंदच्या बाजूला दोन खुर्च्या आहेत. त्यांवर त्याचे मित्र बसलेत. कोण लुंगेसुंगे, दात काढून हसतायत.” यांचा आवाज इथे जरा फाटला. “आपण पोहोचलो नसतो, मान्य. आपल्याला विचारलं नाही, तेही एक वेळ मान्य. पण दोन खुर्च्या रिकाम्या ठेवायला काय झालं होतं? फोटोत दिसल्या असत्या. कुणीही बघितलं असतं तर कळलं असतं, की ही याच्या आईबापांची जागा. एवढं तरी.”

चार वर्षांत यांनी मला हे एकदाही सांगितलं नव्हतं. मला वाटत होतं, जात खुपते, परकी मुलगी खुपते, लोक काय म्हणतील ते खुपतं. मी यांच्याशी भांडले होते ते सगळं त्याच्यावरून. भलत्याच दारावर मी चार वर्षं धडका मारत होते.

“मग आंघोळ कशाला केलीत?” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

“राग आला.”

“आणि इथे मकरंद येणार हे…”

“टूरला जाणारी बाई पिशवीत फणसपोळी आणि आमसुलं भरते का गो? कुणासाठी भरलीस? टूरवालीसाठी? मला वास येत नाही?”

“मग सकाळपासून गाड्या काय बघत बसलात! माझा जीव टांगणीला लावलात! पुढचा स्टॉप, पुढचा स्टॉप!”

“भीती वाटत होती,” हे म्हणाले. “तो मला बघून परत फिरला तर काय करायचं?”

मला यांना दोन शब्द चांगले सुनवायचे होते. तयार होते ते जिभेवर. पण हे त्या दोन पाकिटांकडे बघत होते आणि एक जरा तिरकं झालं होतं ते बोटानं सरळ करत होते. ते शब्द मी गिळले.

मग सुरू झालं वाट बघणं. माणसं येत होती, पाकिटं बघत होती आणि काही न बोलता पुढे जात होती. मला नवल वाटलं. आपल्याकडे रुमाल टाकला तरी ‘हा कुणाचा’ म्हणून आधी वाद होतो. एका टोळक्यातल्या मुलानं विचारलंच, तेव्हा हे ताठ बसून म्हणाले, “फॅमिली. टू पर्सन्स.” तो सॉरी म्हणून निघून गेला. हे मला म्हणाले, “शिस्त आहे.” पण घड्याळ कुणाची शिस्त पाळत नाही. एक वाजला. एक वाजून गेला. गाळ्यांसमोरच्या रांगा आखूड व्हायला लागल्या.

“नाही येत तो,” मी म्हटलं.

“येईल.”

“त्यानं आपल्याला तिकडे मधल्या टेबलांत शोधलं असेल. नाही सापडलो म्हणून गेला असेल. तुम्ही तिथे बसला असतात तर…”

“येईल म्हटलं ना.”

“तुम्हाला काय माहीत? तुम्ही चार वर्षांत त्याचा आवाज तरी ऐकलात?”

यांनी मान दाराकडे वळवली. मला रडू फुटलं, आणि पुसायला माझा रुमालही जवळ नव्हता. समोर टिश्यूची दोन पाकिटं होती, पण त्यांना हात लावायचा माझा धीर झाला नाही.

आणि मकरंद दिसला. निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, घामानं डबडबलेला. आमच्या आधीच्या टेबलापाशी उभा राहून गोल फिरत होता. मी हात वर केला. त्यानं पाहिलं, मला पाहिलं, मग यांना पाहिलं, आणि आहे तिथेच थांबला. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग हे उठून उभे राहिले. तेवढंच केलं यांनी. मकरंद टेबलांमधून धावतच आला आणि त्या गर्दीत, ताटंवाट्या घेऊन जाणाऱ्या माणसांच्या मधोमध, यांच्या पायांवर वाकला.

यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. “वाळलास,” म्हणाले.

“बाबा, मी केव्हापासून शोधतोय. मला वाटलं, तुम्ही निघून गेलात.”

“आम्ही कुठे जाणार?” हे म्हणाले, आणि मग त्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. “ती कोण?”

उसाच्या रसाच्या गाळ्याजवळ एक ठेंगणी, गोरी मुलगी उभी होती. कापलेले केस, खांद्याला ऑफिसची बॅग. आमच्याकडे बघत होती, आम्ही पाहिल्याबरोबर तिनं रसाचे दर वाचायला सुरुवात केली.

मकरंदचा चेहरा उतरला. “ती… ती जाणार आहे, बाबा. फक्त लांबून बघायचं म्हणाली. तुम्हाला त्रास होणार नाही.”

“बोलाव.”

“बाबा, काही बोलणार असाल तर मला बोला.”

“बोलाव म्हणतो ना.”

ती आली. भीतभीत आली, दोन्ही हात जोडून नमस्कार केला, आधी मला, मग यांना. कुणीतरी शिकवलेला, पण नीट केलेला. हे तिच्याकडे बघून मान हलवत राहिले. मकरंद बसला. मी तिला हातानं बस बस अशी खूण केली. ती बसेना. स्टुलासमोरच्या त्या पाकिटाकडे तिनं पाहिलं, मग मागे वळून गर्दीत पाहिलं, मग मकरंदच्या कानाशी वाकून काहीतरी बोलली.

“काय म्हणते?” यांनी विचारलं.

“काही नाही, बाबा. तिला वाटतंय, ही जागा कुणीतरी धरलीय. तुमच्याबरोबर अजून कुणी आहे का, विचारतेय. ती उभी राहील म्हणाली.”

यांनी त्या पाकिटाकडे पाहिलं. मग ते उचललं आणि तिच्या हातात दिलं.

“सांग तिला,” हे म्हणाले, “मीच धरली होती. तिच्यासाठी.”

मकरंद तिच्याकडे वळला. इतकी वर्षं इंग्रजीत नोकरी केलेल्या माझ्या पोराला ते एवढंसं वाक्य काही केल्या इंग्रजीत सांगता येईना.